आमच्या फिजिओताईला, आचऱ्याहून

प्रिय फिजिओताई,

सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर तू आमच्याकडे यायला लागलीस. आता त्या वॉकर धरून पडवीपर्यंत येतात, त्याचं श्रेय सगळे तुला देतातच. मी लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. आणि चारचौघांत लिहितेय, कारण आमच्या वाडीत घरटी एक तरी बाई माझ्यासारखी सापडेल: स्वतः साठी ओलांडलेली आणि घरातल्या ऐंशीच्या माणसाला उठवणारी, बसवणारी.

तू त्यांचा पाय बघत होतीस. बोलता बोलता मी म्हटलं, हल्ली फडताळाच्या वरच्या फळीवरची बरणी हाताला लागत नाही गो. दुसऱ्या कुणी हसण्यावारी नेलं असतं. तू मला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलंस, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने खूण केलीस आणि टेपने मोजलंस. विम्याच्या जुन्या मेडिकलच्या कागदावर होती त्यापेक्षा उंची चार सेंटिमीटरने कमी भरली! पाठदुखीसाठी आधी एका दवाखान्यात जाऊन आले होते, तिथे ‘वय झालं’ आणि एक मलम, एवढंच पदरात पडलं होतं. खाटेवरून सासूबाईच ओरडल्या, ‘‘माका काय होना नाय, आधी हिचा बघ!’’

एक्स-रेमध्ये मणका दबलेला दिसला. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनला कोल्हापूर गाठावं लागलं. टी-स्कोर, म्हणजे तरुण हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे 2.8. उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात, हे तूच सांगितलंस. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पहिल्या काही वर्षांतच हाडं झपाट्याने झिजतात. त्यात मिश्रीची भर. मिश्रीचं नाव काढलंस तशी मी डबी पदराखाली सरकवली, ते काही तुझ्या नजरेतून सुटलं नाही.

खरी शिकवण मिळाली ती उचलण्याची. मी कमरेतून वाकून, काखेत हात घालून सासूबाईंना ओढत असे. तू त्यांचंच जुनं लुगडं दुमडून त्यांच्या कमरेला पट्ट्यासारखं बांधलंस. आधी कुशीवर, मग पाय खाटेखाली, मग पट्टा धरून, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून उठवायचं. वाकून ओझं ओढलं की सगळा भार मणक्यांच्या पुढच्या बाजूवर येतो आणि ठिसूळ मणका तिथेच चेपतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर, असं रोज मनात येतं.

औषधांचं वेळापत्रकही तूच लावून दिलंस. त्यांच्या त्यांना देताना आणि माझ्या घेताना, सगळ्या गोळ्या मी एकाच घोटात उरकायची. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तास हवेत, हे मला कुठे ठाऊक? डॉक्टरांनी दिलेली हाडांची आठवड्याची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आडवं व्हायला आम्हाला वेळ कुठे असतो म्हणा!

खाण्याचं मात्र तू घरातलंच सांगितलंस, त्याचं बरं वाटलं. माझ्या वयाला दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे साडेतीनशे मिळतं. मग भाकरी, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाता येणारी मांदेली. सुकट धुऊन घे म्हणालीस, कारण मीठ जास्त झालं तर लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं. आणि ‘ड’ जीवनसत्त्वासाठी ऊन? कोकणात उन्हाला तोटा नाही, पण आम्ही दिवसभर चुलीपाशी आणि खाटेपाशी. दुपारी वाळवण घालताना हात उघडे ठेवते आता. पावसाळ्यात त्याचाही उपयोग नाही, तेव्हा डॉक्टर सांगतील तेवढीच ‘ड’ची पुडी.

घसरून पडायला नको म्हणून मुलाने खळ्यातलं शेवाळ खरवडून काढलंय आणि चिऱ्याच्या पायऱ्यांना कठडा बसवलाय. भात शिजेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलते. सासूबाई खाटेवरून मोजतात, आणि मुद्दाम चुकवतात.

एक काम आहे. वरच्या वाडीत एका बाईंचा नवरा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलाय. तुझा नंबर दिलाय त्यांना. त्याला बघायला गेलीस की बाईंचीही उंची मोज. येताना आमच्याकडे जेवायलाच ये, पिठी-भात करते.

तुझी,
आचऱ्याची काकी