एबी फॉर्म हातात पडायच्या आधी

सातारा,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दोस्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा तू विचारलंस, अरे सीट निवडून आली ना तुमची, मग आवाज असा का, आणि मी म्हणालो थकलोय रे, प्रचारात झोप नाही झाली. ते खरं नव्हतं. फोनवर सांगता येईना म्हणून आता लिहायला बसलोय, लांबेल थोडं, पण हे तुलाच सांगायचंय.

आमच्या वॉर्डातला तो पोरगा तुला आठवत असेल, तालमीशेजारी राहायचा, गणपतीत आपल्या मागं मागं फिरायचा. गेली पाच-सहा वर्षं तो एका संघटनेत आहे, नाव लिहीत नाही, तुझ्याकडं सांगलीतपण त्यांची पोरं आहेत. आधी गड-किल्ल्यांच्या मोहिमा वगैरे होतं, त्याला कोण कशाला नाही म्हणेल, मीच एकदा त्यांच्या गाडीच्या डिझेलला पैसे दिलेत. मग हळूहळू भाषणं सुरू झाली. एका सभेचा व्हिडिओ आहे, साडेचार मिनिटांचा, त्यात हा माईक घेऊन सांगतोय की "त्यांच्या" दुकानातून सुईसुद्धा घेऊ नका, घर भाड्यानं देऊ नका, आणि वेळ आली तर काय करायचं ते पोरांना माहीत आहे. खाली टाळ्या, शिट्ट्या. तो व्हिडिओ आमच्या अख्ख्या पेठेत फिरलेला.

तर ह्यानं आमच्या पक्षाकडं तिकीट मागितलं. मुलाखती एका मंगल कार्यालयात होत्या, मी वॉर्डाचा म्हणून आत बसलेलो. तुला माहितीय, सतरंज्या उचलण्यापासून मी ह्या पक्षात आहे, पंधरा वर्षं झाली, म्हणून मला वाटलं आपलं ऐकतील. ह्याची मुलाखत झाली, हा बाहेर गेला, आणि मी तो व्हिडिओ लावून मोबाईल टेबलावर फिरवला. दोघांनी अर्धाच बघितला. एकानं आवाज बंद करून बघितला, ते माझ्या अजून डोळ्यासमोर आहे, नुसते हलणारे ओठ बघत होता आणि पोहे खात होता. मग वरचे जे आलेले ते म्हणाले, तरुण रक्त आहे, पक्षात आलं की निवळतं, आणि मागं दीडदोनशे पोरं आहेत त्याच्या, इलेक्टिव्ह मेरिट बघायला लागतं. मी म्हणालो, साहेब, त्याला निदान विचारा तरी, संघटना सोडणार का, बोललेलं मागं घेणार का. ते म्हणाले, आत्ता विचारलं तर उद्या दुसऱ्या पक्षात जाईल. संपलं. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म, म्हंजे पक्षाची अधिकृत उमेदवारी दिल्याचा कागद, जमा करायचा असतो, ह्याला सकाळी अकराला त्याचं पाकीट मिळालं.

त्याचं शपथपत्र मी शब्द न शब्द वाचलं. गुन्ह्यांच्या रकान्यात "निरंक". आणि ते बरोबरच होतं, त्याच्यावर एकही केस नाही, कारण कुणी तक्रारच केली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं की आपली सगळी चाळणी केसवर बसवलेली आहे. सुप्रीम कोर्टानं २००२ साली उमेदवारांची माहिती उघड करायला लावली, तिथनं ही शपथपत्रं आली. मग १३ फेब्रुवारी २०२० ला कोर्ट अजून पुढं गेलं, लोकसभा-विधानसभेला गुन्हे असलेला उमेदवार दिला तर पक्षानं तो का दिला ते कारणासकट जाहीर करायचं, आणि नुसतं "निवडून येतो" हे कारण चालणार नाही. हे पाळलं नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बिहारच्या निवडणुकीवरून आठ पक्षांना दंड झाला, सहा जणांना एकेक लाख, दोघांना पाच-पाच लाख. म्हंजे "इलेक्टिव्ह मेरिट" ह्या शब्दाला कोर्टानं नाही म्हटलंय, पण ते केस असलेल्यासाठी. ज्याच्यावर केस नाही, पण जो माणसांना माणसांविरुद्ध उभं करतोय, त्याला अडवायचं काम कोर्टाचं नाहीच, आयोगाचंही नाही, ते पक्षाचं आहे. आणि तेवढंच काम पक्षाला नको असतं.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यामुळं झोप येत नाही.

आपले चाचा आठवतात ना, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे. तुझी चड्डी एकदा सहामाहीच्या सकाळी उसवलेली आणि त्यांनी तुला मशीनमागं उभं करून दोन मिनिटात टाके घालून दिलेले, पैसे घेतले नव्हते. ह्या पोराचेही युनिफॉर्म त्यांनीच शिवलेत, पहिलीपासून दहावीपर्यंत. प्रचाराच्या तिसऱ्या दिवशी आमची फेरी त्यांच्या गल्लीत गेली. हा पुढं, हात जोडून, आणि मी त्याच्या मागं, गळ्यात तेच उपरणं. चाचा उठून उभे राहिले, नातवाला म्हणाले पाणी आण. स्टीलच्या तांब्यातनं पेले भरले. ह्यानं पेला घेतला, ओठाला लावला न लावल्यासारखं केलं आणि खाली ठेवला, "चाचा, लक्ष असू द्या" म्हणाला आणि पुढं गेला. चाचांनी व्हिडिओ बघितलेला होता, नातवाच्या फोनवर, हे मला नंतर कळलं. पण त्या वेळी ते त्याच्याकडं बघतच नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही रे. एखादं माप चुकलंय का म्हणून टेप परत लावून बघतात ना, तसं. मी पाणी प्यालो, पूर्ण पेला, आणि काही न बोलता निघून आलो. संध्याकाळी पोटात दुखतंय सांगून घरी बसलो, दुसऱ्या दिवशी परत प्रचाराला गेलो. आणि तो निवडून आला. गुलाल पडला, डीजे लागला, आणि वरच्यांचा मला फोन आला, बघा, आम्ही बरोबर होतो का नाही.

तेव्हापासून मी वाचतोय, बाहेर अशा वेळी पक्ष काय करतात, कारण मला वाटायला लागलेलं की मीच बावळट आहे, राजकारण असंच असतं. तर अमेरिकेत डेव्हिड ड्यूक म्हणून एक होता, कू क्लक्स क्लान ह्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेचा आधीचा म्होरक्या. १९८९ मध्ये तो लुईझियाना राज्याच्या विधानसभेला रिपब्लिकन म्हणून उभा राहिला. त्याच्याविरुद्ध त्याच पक्षाचा दुसरा उमेदवार होता, खुद्द रेगन आणि बुश त्या दुसऱ्याच्या मागं उभे राहिले, तरी ड्यूक २२७ मतांनी आला. पक्षानं त्याचा निषेध केला. १९९१ ला तो गव्हर्नरपदाच्या शेवटच्या फेरीत पोचला आणि समोर कोण तर एडविन एडवर्ड्स, ज्याच्या भ्रष्टाचाराच्या गोष्टी राज्यभर झालेल्या. तेव्हा अध्यक्ष बुश उघड म्हणाले की मी तिथला असतो तर एडवर्ड्सला मत दिलं असतं, म्हंजे विरोधी पक्षाच्या माणसाला! लोकांनी गाड्यांवर स्टिकर लावलेले की चोराला मत द्या, महत्त्वाचं आहे. एडवर्ड्स साधारण ६१ टक्क्यांनी आला. आता ह्यातलं मला टोचणारं सांगतो, गोऱ्या मतदारांतल्या निम्म्याहून जास्तांनी ड्यूकलाच मत दिलेलं. म्हंजे नाही म्हटल्यावर लोक ऐकतीलच असं नाही, आपलेच मतदार पाठ फिरवतात, आणि तरी त्या पक्षानं नाही म्हटलं. आमच्याकडं टेबलावर एकही माणूस एवढं धरून बसला नाही. मीपण नाही, मी एकदा बोललो आणि गप्प झालो.

दुसरी गोष्ट वेळेची. इंग्लंडात रॉचडेलला २०२४ च्या फेब्रुवारीत पोटनिवडणूक होती, लेबर पक्षाच्या उमेदवाराची इस्रायलबद्दलची वक्तव्यं बाहेर आली, पक्षानं पाठिंबा काढून घेतला, पण तोवर अर्जांची मुदत संपलेली. मतपत्रिकेवर त्याच्या नावापुढं लेबरच छापलेलं राहिलं. आणि इलिनॉयमध्ये २०१८ ला तर नाझी विचारांचा माणूस, आर्थर जोन्स, रिपब्लिकन उमेदवारी बिनविरोध घेऊन गेला, कारण त्या मतदारसंघात जिंकायची आशाच नव्हती म्हणून पक्षातल्या दुसऱ्या कुणी अर्जच भरला नाही. मग पक्ष लोकांना सांगत फिरला की आमच्या ह्या उमेदवाराला मत देऊ नका. तरी साधारण चौथा हिस्सा मतं त्याला पडली! चिन्ह बघून शिक्का मारणारे तिथंही आहेत.

आणि लांब कशाला, आपल्याकडंच बघ. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार गौरी लंकेश खून खटल्यातला एक आरोपी, जालन्याचा माजी नगरसेवक, शिंदे सेनेत घेतला. खटला चालू आहे, तो दोषी ठरलेला नाही, हे मी आधी लिहितो कारण ते लिहायलाच पाहिजे. ओरड झाली आणि दोन दिवसात प्रवेशाला स्थगिती आली. चांगलं झालं, पण माझा प्रश्न त्या पहिल्या दिवसाचा आहे, शाल घालताना कुणी विचारलं का? डॉक्टर दाभोलकर आपल्या साताऱ्याचे, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, तू तेव्हा रडत रडत मला फोन केलेलास. ह्या गावातल्या माणसानं तरी हे प्रश्न आधी विचारायला पाहिजेत.

जर्मनीतलं एक मात्र मला फार उपयोगी वाटलं. एएफडी, ज्या पक्षालाच तिथं कट्टर उजवा म्हणतात, त्यांनी २०२० मध्ये ब्रांडेनबुर्ग राज्यातला स्वतःचा नेता काल्बिट्झ ह्याचं सदस्यत्व रद्द केलं. का, तर पक्षात येताना त्यानं पूर्वी कुठं होतो ते लपवलं, त्यात एक नवनाझी युवक संघटना, जिच्यावर सरकारनं २००९ मध्ये बंदी घातलेली. तो म्हणत राहिला मी सदस्य नव्हतो. कार्यकारिणीत सात विरुद्ध पाच असं मतदान झालं. त्या पक्षाबद्दल मला काही प्रेम नाही, पण बघ, तिथं एक साधा प्रश्न कागदावर विचारलेला होता म्हणून पुढं त्याच्यावर बोट ठेवता आलं. आमच्या मुलाखतीच्या फॉर्मवर जात आहे, उपजात आहे, "खर्चाची तयारी" आहे, आणि हे नाही.

तुलाच का लिहितोय हे तुला कळलं असेल. तुमच्या आजीच्या माजघरातला तो हंडा, एका बाजूनं काळा झालेला, घासून न निघणारा. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर आपल्या ह्या भागात ब्राह्मणांची घरं जाळली, त्या जळालेल्या घरातनं निघालेला तो हंडा. आजी म्हणायच्या, जाळायला आलेल्यांत आमच्या शेतावर जेवलेली पोरं होती. आपण सातवीत होतो, आणि मी त्या दिवशी घरी येऊन आमच्या आजोबांना विचारलेलं, तुम्ही कुठं होता तेव्हा. ते उठून गोठ्यात गेले. ते उत्तर मला आयुष्यात मिळालं नाही, आणि चाचांच्या नातवानं उद्या मला तेच विचारलं तर माझ्याकडं काय आहे?

तर मी जिल्हाध्यक्षांना पत्र लिहितोय. एवढंच मागतोय की झेडपी असो नगरपालिका असो, मुलाखतीच्या आधी प्रत्येकाकडून लेखी घ्या, कुठल्या संघटनेत होता, आहे, कुठली जाहीर भाषणं केलीत, आणि कुणावर बहिष्कार टाका, कुणाला हाणा असं बोलला असेल तर ते त्याच व्यासपीठावरून मागं घेतल्याशिवाय पाकीट नाही. शेवटच्या दिवशी तीनला नाही, पंधरा दिवस आधी. मला माहितीय काय होईल, फार तर माझं कार्यकारिणीतलं नाव जाईल, बायको म्हणाली जाऊ दे, घरी तरी जेवशील वेळेवर.

आज सकाळी चाचांकडं गेलेलो. पँट आखूड करायची आहे म्हणून गेलो, खरं तर बोलायला गेलो. सगळं सांगितलं, मुलाखतीचं, पोह्यांचं, मी गप्प बसलो त्याचं. ते मशीन थांबवून ऐकत होते. मग म्हणाले, "पत्रात माझं नाव घालू नकोस, पोराला ह्याच गल्लीत राहायचंय." आणि पँट मागितली. बुधवारी देतो म्हणाले.

सोबत पत्राचा कच्चा मसुदा पाठवतोय. तू वकील आहेस, कायद्याचं कुठं चुकलं असेल तर लाल पेनानं खूण कर, आणि मऊ करू नकोस. वहिनींना नमस्कार, आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच,
शेवटच्या बाकावरचा