थर्मोस्टॅट काढणे हा इलाज नव्हे

संपादक महोदय,

जुनी गाडी तापू लागली की अनेक मेकॅनिक सर्रास थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) अडवून धरणारी झडप, काढून टाकतात. दुखणे तसेच राहते, वर इंजिन थंड चालून पेट्रोल जास्त पिते. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात सोडून बघा. साधारण ८२ अंशांना उघडू लागतो. उकळी फुटूनही मिटलेलाच राहिला, तर नवा टाका.

फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर रेडिएटरच्या (कूलंट थंड करणाऱ्या जाळीच्या) फॅनला थेट बॅटरीचा करंट द्या. फिरला, तर फ्यूज, रिले (फॅनला करंट जोडणारा स्विच) नाहीतर थर्मो स्विच (तापमान वाढले की फॅन सुरू करणारा) गेलेला. घाटात तापत असेल तर बहुधा रेडिएटर चोंदलेला. गळती नसताना कूलंट घटतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो? हेड गॅस्केटचा (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचा) संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखालची दुधी साय हीही त्याचीच खूण मानतात, मात्र ती पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही येते.

— एक वाचक, पुणे