‘स्किन कलर’ नावाचा रंग चेहऱ्यावर नसतो

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

संग्राहक जपून ठेवतात त्या बारा इंची फिगरच्या, म्हणजे माणसासारख्या हुबेहूब बाहुल्यांच्या, डोक्यांना हुबेहूब रंग कसा द्यावा, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. आमच्या परभणीत या छंदाला ‘सर आता बाहुल्या रंगवतात’ यापलीकडे नाव नाही, त्यामुळे मराठी दैनिकाने त्याला अर्धे पान दिले याचा आनंदच झाला. परंतु त्यातल्या दोन सूचना पाळल्या तर चेहरा जिवंत वाटण्याऐवजी कापडदुकानातल्या पुतळ्यासारखा दिसेल. तयार ‘स्किन कलर’ सगळीकडे सारखा लावून उजेडासाठी पांढरा आणि सावलीसाठी काळा मिसळावा, ही पहिली. डोळा पांढऱ्या रंगाने भरून मधोमध काळा ठिपका द्यावा, ही दुसरी. शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर हेच काम करतो आहे, म्हणून हे चार शब्द.

आधी डोळ्याचे. ही फिगर माणसाच्या एक षष्ठांश मापाची असते. याच मापाचा शिपाई अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली जी. आय. जो या नावाने बाजारात आणला होता. या मापात हनुवटीपासून टाळूपर्यंत सगळे डोके जेमतेम चार सेंटिमीटर भरते. माणसाचे बुबुळ साधारण १२ मिलिमीटरचे, म्हणजे येथे ते २ मिलिमीटरचे, आणि त्यातली काळी बाहुली त्याच्या निम्म्याहूनही लहान. हात पाव मिलिमीटर सरकला तरी माणूस तिरळा दिसतो. शिवाय स्वस्थ बसलेल्या माणसाचे बुबुळ सहसा पूर्ण गोल दिसत नाही, त्याची वरची कड पापणीखाली झाकलेली असते. लेखात सांगितल्याप्रमाणे ठिपका मधोमध ठेवून चहूबाजूंनी पांढरे सोडले, तर समोर साप निघाल्यासारखा चेहरा होतो. डोळ्याचे पांढरेही पांढरे नसते. त्यात किंचित करडा आणि गुलाबी असतो, वरच्या पापणीखाली सावलीची बारीक रेघ असते, नाकाकडच्या कोपऱ्यात तांबूस ठिपका असतो. चमकदार वार्निश द्यायचे ते एवढ्याच जागेवर, बाकी चेहरा मॅट ठेवायचा. गणपतीच्या कारखान्यात सगळी मूर्ती कारागिरांनी रंगवली तरी डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच का जाते, हे मला ३ शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश हातात धरल्यावर कळले. श्वास रोखल्याशिवाय ती रेघ येत नाही.

आता मूळ मुद्दा, कातडीचा. कातडी थोडी पारदर्शक असते. आतले रक्त आणि शिरा वरून जाणवतात, म्हणून एकाच चेहऱ्यावर कपाळ पिवळसर, नाक, गाल आणि कान तांबूस, आणि पुरुषाची हनुवटी, अगदी ताजी दाढी केलेली असली तरी, निळसर करडी दिसते. हे रेझिनवर, म्हणजे ही डोकी ज्या प्लास्टिकसारख्या पदार्थाची असतात त्यावर, उतरवायचे तर एका दाट थराने भागत नाही. डोके भांड्यांच्या साबणाने धुऊन, कारण साच्यातून निघताना त्यावर तेलकट थर राहतो, प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, मारल्यावर मी आधी लाल, निळ्या आणि पिवळ्या रंगाचे पातळ, विरविरीत ठिपके सगळीकडे टाकतो आणि त्यावर मूळ रंगाचे पाण्यासारखे थर एकामागून एक चढवतो. दहाव्या-बाराव्या थराला खालचे ठिपके अर्धवट झाकले जातात, आणि तेव्हा कुठे प्लास्टिक जाऊन कातडी दिसू लागते.

आपल्याकडच्या वर्णासाठी मूळ रंग म्हणजे यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), त्यात ब्रशच्या टोकावर मावेल इतका अल्ट्रामरीन ब्लू. कोणत्याही गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात या ट्यूब मिळतात. उजेडाच्या जागी पांढरा घातला की सावळी कातडी राख फासल्यासारखी होते. तेथे ऑकर वाढवून नारिंगीची छटा द्यावी. काळा रंग पिवळ्यात गेला की हिरवट होतो, हे तर पाचवीच्या मुलालाही रंगपेटी शिकवते, म्हणून सावलीसाठी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन. ओठही गुलाबी नसतात. वरचा तपकिरी-जांभळा, खालचा त्याहून थोडा लालसर.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे डोके रंगवताना मी सलग काही दिवस सकाळी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जाऊन उभा राहत असे. तेथे एका आजोबांनी घाम पुसायला टोपी काढली, तेव्हा कपाळावर सरळ रेघ दिसली: रेघेखाली उन्हाने करपलेला तपकिरी रंग आणि वर, टोपीखाली झाकलेला, दोन छटा उजळ असा दुसराच रंग. मानेचा मागचा भाग चेहऱ्याहूनही काळवंडलेला. घरी येऊन तेवढी एक रेघ डोक्यावर उतरवली, आणि टोपी न घालताही तो म्हातारा टोपीवाला दिसू लागला. असली गोष्ट कोणत्याही बाटलीत तयार मिळत नाही.

मराठवाड्यात हे काम करणाऱ्याला आणखी दोन शत्रू आहेत, ज्यांचा उल्लेख लेखात यायला हवा होता. एक ऊन. मे महिन्याच्या दुपारी मारलेला स्प्रे प्रायमर डोक्यापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत सुकला आणि माझे एक चांगले डोके वाळूच्या कागदासारखे खरखरीत झाले. तेव्हापासून उन्हाळ्यात पहाटे पाचला बसतो आणि रंग ओलसर स्पंजवर बटर पेपर अंथरलेल्या डब्यात ठेवतो. दुसरा शत्रू बोअरचे पाणी. त्यातल्या क्षारांमुळे पातळ थर सुकताना पांढरी कड सोडतो, आणि ती रंगाची चूक समजून मी वर्षभर ब्रश बदलत राहिलो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरल्यावर कड गेली.

खरी अडचण मात्र ऊनपाण्याची नाही. मावळ्याचे डोके रंगवून पाठवले की गिऱ्हाइकाचा फोन येतो, “काका, छान आहे, फक्त थोडा उजळ करून द्या.” सह्याद्रीच्या उन्हात दिवसभर वावरणारा माणूस दुधासारखा कसा असेल, हे विचारले की समोरून हसण्याचा आवाज येतो आणि मागणी तशीच राहते. याचे मूळ मला शाळेच्या रंगपेटीत दिसते, जिथे फिकट गुलाबी खडूला मुले आणि, कबूल करतो, आम्ही शिक्षकही बिनदिक्कत ‘स्किन कलर’ म्हणत आलो. क्रेयोला कंपनीने आपल्या खडूचे ‘फ्लेश’ हे नाव १९६२ सालीच बदलून ‘पीच’ केले आणि २०२० साली त्वचेच्या २४ छटांची वेगळी पेटी काढली. आपल्याला तर तेवढेही लांब जायला नको. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शाळेच्या सहली घेऊन मी कित्येकदा गेलो आहे. गेरू, पिवळी माती, काजळी अशा मोजक्या रंगांत तेथील चित्रकारांनी बोधिसत्त्व पद्मपाणीच्या नाकावर उजेड आणला, आणि त्याच लेण्यात सावळ्या कांतीची राजकन्याही तितक्याच मायेने रंगवली. मुलांना तेथे नेऊनही परत आल्यावर माणूस रंगवायला गुलाबी खडूच देत राहिलो, याची मला आता लाज वाटते.

तेव्हा विनंती अशी की डोळ्यांविषयीची आणि पांढऱ्या-काळ्या रंगाविषयीची सूचना दुरुस्त करून पुढच्या पुरवणीत छापावी, आणि बालपानावर रंग भरण्यासाठी चित्र देताना ‘त्वचेचा रंग’ असा एकच रंग सुचवू नये. दुरुस्तीत एक ओळ सुरक्षिततेचीही घालावी: रेझिन घासताना पाणी लावून घासावे व तोंडाला मास्क बांधावा, थ्रीडी प्रिंटरमधून नुकत्याच निघालेल्या ओल्या डोक्याला उघड्या हातांनी स्पर्श करू नये, आणि स्प्रे बंद खोलीत मारू नये. लेखासोबतच्या छायाचित्रातला मुलगा यांपैकी काहीच पाळताना दिसत नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त कलाशिक्षक,
परभणी