मावेल तेवढं म्हणजे किती?

काका,

सप्रेम नमस्कार.

पुस्तकाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव मी दोनदा घातलं आणि दोन्ही वेळा ते तुम्ही लाल शाईनं काढलंत. पहिल्या वेळी समासात 'अनावश्यक' असं लिहिलं होतं, दुसऱ्या वेळी नुसती काट. मुद्रितशोधकाचं नाव छापायचं नसते म्हणालात. बरं, मग इथंही लिहीत नाही. पण आभार मानायचे राहिलेत आणि मला ते चारचौघांत मानायचेत, म्हणून हे उघडं पत्र. यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर कळवा. सापडतीलच.

नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात मी वरच्या माळ्यावर भाड्यानं राहायला आले, तेव्हा एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत माझं पाककृतींचं सदर नुकतंच सुरू झालं होतं. एका लेखाचे ४०० रुपये, तेही तीन-चार महिन्यांनी हाती यायचे. तुम्ही खाली एकटेच. काकूंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. डब्याला कंटाळून तुम्ही अडुसष्टाव्या वर्षी स्वयंपाक शिकायला घेतला होता आणि तो माझ्या सदरावरून शिकून राहिले होते, याचा मला पत्ताच नव्हता. कळलं ते एका रविवारी, जिन्याखालून हाक आली तेव्हा.

"बेटा, खाली ये जरा. हे काय लिहून ठेवलं तू?"

कढईत वड्यांचा चुरा तरंगत होता. वडाभाताची कृती होती ती. 'डाळी चार तास भिजवून भरड वाटाव्यात,' असं मी लिहिलं होतं. भिजल्यावर पाणी पूर्ण निथळून घ्यायचं, हे लिहिलंच नव्हतं. तुम्ही पाण्यासकट वाटलं. पीठ सैल झालं आणि वडे तेलात पडल्या पडल्या फुटले. मी म्हटलं, "काका, ते तर आपलं समजून घ्यायचं असते ना." तुम्ही चष्मा कपाळावर चढवला. "ज्याला समजते, तो पुस्तक कशाला उघडते?"

त्या दिवशी कढीसोबत आपण तो चुराच भातावर घेऊन खाल्ला. वरून लाल मिरच्यांची चरचरीत फोडणी होती, त्यामुळे चांगलाही लागला. पण मला रात्री झोप आली नाही. वीस लेख छापून झाले होते. त्यात अशी किती ठिकाणी मी पाणी निथळायला विसरले असेन?

मग रोजचंच झालं. मी लिहायची, तुम्ही अक्षरशः लिहिल्याप्रमाणे करायचे आणि कागद लाल होऊन वर यायचा. 'मावेल तेवढं पीठ' याच्यापुढे तुमचा शेरा होता, 'परातीत मावेल तेवढं?' 'चवीनुसार मीठ' याला, 'कच्च्या पिठाची चव पाहू?' 'खमंग वास येईपर्यंत' याला, 'मला सर्दी आहे.' मी चिडायची. आईच्या, आजीच्या तोंडची भाषा ही, तुम्ही तिला प्रुफाच्या चुकीसारखं का धरता? पण चिडून झालं की बसून मोजायची. बेसन किती मिनिटं भाजलं, रंग कशासारखा झाला, कढई लोखंडाची होती की ॲल्युमिनियमची. एका ओळीसाठी तीन-तीन वेळा भाजलंय मी बेसन, मे महिन्यात, पंचेचाळीस अंशात, कूलर बंद ठेवून.

वाटीचा किस्सा तर मी अजून सगळ्यांना सांगते. काकूंची 'रुचिरा' तुमच्या फडताळात होती, हळदीच्या बोटांचे डाग पडलेली. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली त्यात वाटी-चमच्याचं माप दिलं. मी म्हटलं, मीही तेच देईन, घराघरात वाटी असतेच. तुम्ही विचारलं, "कोणाच्या घरची?" आणि माझी वाटी, तुमची वाटी घेऊन चौकातल्या किराणावाल्याच्या काट्यावर गेलात. माझ्या वाटीत १४० ग्रॅम पाणी मावलं, तुमच्या वाटीत १९०. तेव्हा कळलं, तुमच्या पाटोड्या दरवेळी अळणी का होतात. सगळं एकाच वाटीनं मोजलं तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण टिकते. घोळ होतो तो कृतीत चमचा आला की. वाटी मोठी झाली तसं बेसन वाढलं, पण मीठ, तिखट, हिंग चमच्यातच राहिलं. आज माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते: वाटी म्हणजे १५० मिली, लहान चमचा म्हणजे ५ मिली. ती ओळ तुमची आहे.

सावजीचा लेख आठवते? मी झोकात सुरुवात केली होती, 'शेकडो वर्षांची परंपरा असलेला सावजी मसाला.' तुम्ही 'शेकडो' भोवती गोल केला आणि लिहिलं, 'कोणी मोजली?' मला उत्तर देता आलं नाही. हे जेवण हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं, एवढं ऐकून माहीत होतं. तुम्ही म्हणालात, घरी बसून परंपरा लिहू नको, जाऊन बस तिथं. आठ दिवस एका भोजनालयाच्या मागच्या दाराशी बसले. मावशींनी सगळं दाखवलं. दगडफूल कसं निवडायचं, खसखस किती भाजायची, रश्श्याला ज्वारीचं पीठ केव्हा लावायचं. पूर्वी जवसाचं तेल असायचं आणि त्यानं रश्श्याला कशी वेगळीच चव यायची, हेही सांगितलं. पण मसाला एकत्र करायची वेळ आली की त्या माझ्याकडे पाठ करायच्या.

खोटं कशाला बोलू, प्रमाण अंदाजानं लिहून टाकायचा मोह मला झाला होता. वाचकाला काय कळणार होतं? तुम्ही म्हणालात, "तिनं नाही सांगितलं, तर नाही सांगितलं असं लिही. तिची पाठ लिही." मी पाठच लिहिली. त्या लेखात मसाल्याचं प्रमाण नाही म्हणून आजही मला बोलणी बसतात. पण तोच लेख वाचून एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला, आणि पाककृती लिहिणारी बाई खाण्यावर लिहायला लागली ती तिथून.

पुस्तकाच्या वेळी तर तुम्ही मला अक्षरशः वाचवलं. प्रकाशक बाहेरगावचे. माझ्या कृतीत होतं, 'एक जुडी सांबार निवडून, धुऊन, बारीक चिरावा.' आता नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिकडे कोणीतरी विचार केला असेल, सांबाराची जुडी कशी असेल, आणि करून टाकलं 'एक वाटी सांबार'. सांबारवडीत इडलीसोबतचं सांबार! मी तीन प्रुफं वाचली, मला दिसलं नाही, कारण मी माझंच लिहिलेलं वाचत होते. तुम्हाला दिसलं. त्याच रात्री तुम्ही पाठकोऱ्या कागदावर यादी केली: फल्लीदाणे, भेद्रं, आलू, कोहळं, बरबटी, सांबार. मी सगळीकडे शेंगदाणे-टोमॅटो करायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, शब्द आपलेच ठेव, मागं अर्थ दे. ती यादी आज पुस्तकाच्या शेवटी दोन पानं आहे आणि बाहेरगावचे वाचक सगळ्यात आधी तीच उघडतात.

फॉर्मचं गणितही तुम्हीच शिकवलं. सोळा पानांचा एक फॉर्म. पुस्तक नऊ फॉर्मांचं, म्हणजे १४४ पानांचं ठरलं होतं आणि मजकूर भरला १५१. "सात पानांसाठी अख्खा फॉर्म वाढंल आणि नऊ पानं कोरी जातील," तुम्ही म्हणालात, "सात काढ." मी पनीरच्या कृती काढल्या. लोकांना आवडते म्हणून घातल्या होत्या, माझ्या नव्हत्याच त्या.

पैशाचं थोडक्यात लिहिते, कारण नवीन मुली मला तेच विचारतात. पुस्तकाची किंमत २५० रुपये, मानधन दहा टक्के, म्हणजे प्रतीमागं २५. हजार प्रतींची आवृत्ती संपायला दोन वर्षं लागली, २५ हजार मिळाले. त्यापेक्षा किराण्याचं बिल मोठं होतं. हे मला नक्की माहीत आहे, कारण तुम्ही मला वही घालून दिली होती: कोणती कृती, किती वेळा केली, किती तास, किती रुपये. कोणी म्हणाले, 'दहा रेसिपी द्या, नाव छापू', तर मी ती वही उघडून त्यांना आकडा सांगते. निम्मे लोक फोन ठेवतात. उरलेल्या निम्म्यांवर माझं घर चालते. पुस्तकांवर नाही, त्यांच्यामुळे मिळणाऱ्या बाकीच्या लिखाणावर.

आता तुम्ही हैदराबादला मुलाकडे. वाड्यात खाली कोचिंग क्लास आला. नवीन पुस्तक वाळवणांचं आहे. कुरडया, सरगुंडे, मुंगवड्या, सांडगी मिरची, सगळं. पहिली तीन प्रकरणं कुरिअरनं पाठवली आहेत, डावीकडचा समास दोन इंच सोडलाय. एक शंका आहे. सूनबाई म्हणाल्या, तुमच्याकडे आता गॅस नाही, इंडक्शन आहे. कुरडयांच्या चिकाला मी 'मंद आचेवर' लिहिलंय. ते तुमच्या शेगडीवर कितीच्या आकड्यावर येते, तेवढं करून पाहा आणि लाल शाईनं लिहून पाठवा. चीक घोटताना हात सांभाळा, फार उडते.

तुमची,
वरच्या माळ्यावरची भाडेकरू
महाल, नागपूर