स्फटिक भिजला तर?

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पीएच.डी.चा गोषवारा सावकाश वाचला: हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलमध्ये प्रोटॉन वाहून नेणारा स्फटिकाचा पडदा. आईचं म्हणणं, एवढी चांगली नोकरी चालून आली आहे तर घ्यावी. ते तुम्ही मायलेकी फोनवर बघा. मी विषयाबद्दलच लिहितो, कारण माझी सगळी नोकरी हायड्रोजन आणि रेझिन यांच्यातच गेली.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात 210 मेगावॉटचे जनरेटर हायड्रोजननं थंड ठेवतात, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. हवेपेक्षा जवळपास सातपट चांगली उष्णता वाहतो, आणि हलका असल्यामुळे रोटरला अडसरही कमी. पण हवेत 4 ते 75 टक्के मिसळला की पेटायला एक ठिणगी पुरते. म्हणून केसिंगमध्ये आधी कार्बन डायऑक्साइड भरून हवा बाहेर काढायची आणि मगच हायड्रोजन सोडायचा. ‘हायड्रोजन, स्वच्छ इंधन’ असं पोस्टर दिसलं की माझी नजर आजही आधी व्हॉल्व्हकडे जाते.

तुझ्या फ्युएल सेलमध्ये तो जाळायचा नसतो, हे मला आवडलं. प्लॅटिनमवर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून येतात, तीच आपली वीज. प्रोटॉन मधल्या पडद्यातून पलीकडे जातात आणि तिथं ऑक्सिजनशी मिळून पाणी होतं. पडद्यानं प्रोटॉन सोडायचा. इलेक्ट्रॉन आणि गॅस मात्र अडवायचे. सगळी मेख तिथंच आहे.

पाण्यातले क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटमधल्या कॅटायन रेझिनचे मधाच्या रंगाचे बारीक मणी मी एकदा बाटलीत घालून घरी आणले होते. पॉलिस्टायरिनला सल्फॉनिक आम्लाचे गट जोडले की ते रेझिन तयार होतं. 1965 मध्ये जेमिनी 5 हे अंतराळयान फ्युएल सेल घेऊन उडालं, त्यातला पडदाही याच जातीचा होता. प्रोटॉन चांगले जायचे, पण सेलच्या आत पॉलिस्टायरिन टिकेना. नंतर ड्युपाँटचं नॅफिऑन आलं. गट तेच सल्फॉनिक, फक्त पाठकणा टेफ्लॉनसारखा. आधीच्या पडद्याचं वहन कमी पडलं नव्हतं, आयुष्य कमी पडलं होतं. हे डोक्यात ठेव.

नॅफिऑनची खोड अशी की ते ओलं राहिलं तरच काम करतं. स्लॅब टाकताना माणसं जागच्या जागी उभी असतात आणि घमेली हातोहात वर जातात, तसे प्रोटॉन एका पाण्याच्या रेणूकडून दुसऱ्याकडे सरकतात. ही कल्पना ग्रोटहस या रसायनशास्त्रज्ञानं 1806 मध्येच मांडली होती. पाणी उडालं की रांगच मोडते, म्हणून सेल साधारण 80 अंशांवर चालवायचा. एवढ्या कमी तापमानाला कार्बन मोनॉक्साइडचा अंशही प्लॅटिनमला बाधतो.

म्हणून स्फटिक. सीझियम हायड्रोजन सल्फेट 141 अंशांच्या वर गेलं की त्यातले सल्फेटचे गट गरागरा फिरू लागतात आणि वहन हजारपटींनी उसळतं, तेही पाण्याच्या आधाराशिवाय. 2001 मध्ये कॅलटेकच्या सोसिना हायले यांच्या गटानं त्यावर सेल चालवून दाखवला. सीझियम डायहायड्रोजन फॉस्फेटला हाच पल्ला 230 अंशांच्या आसपास गाठता येतो. तुझे जाळीदार स्फटिक म्हणजे धातूचे अणू सेंद्रिय रेणूंच्या दुव्यांनी जोडलेली चौकट. त्याच घराण्यातल्या कामाला 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, कितागावा, रॉबसन आणि याघी यांना. रेझिनच्या मण्यात कोणता गट नेमका कुठं बसला आहे, हे आम्हाला कधीच सांगता आलं नाही. तुला एक्स-रेनं चौकट दिसते, प्रोटॉनची वाट कुठून जात असेल याचा माग काढता येतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी या विषयाच्या बाजूनं आहे.

पण तुझ्या गोषवाऱ्यात वहनाचा आकडा ठळक आहे आणि शेजारी बारीक अक्षरात ‘98 टक्के आर्द्रता’. एवढी ओल लागणार असेल तर नॅफिऑननं काय वाकडं केलं होतं? शिवाय मोजमाप एकसंध स्फटिकावर की दाबलेल्या भुकटीच्या पेलेटवर? पेलेटमध्ये कणाकणाच्या सीमेवर प्रोटॉन अडखळतो. तो आकडा वेगळा काढ.

आणि खरी गोष्ट म्हणजे बंद-चालू. संच सलग चालतो तेव्हा फारसा कुरकुरत नाही. बंद करून पुन्हा चालू करताना सगळी दुखणी वर येतात. ते सीझियम फॉस्फेट बघ. 230 अंशांना सेलमधलं पाणी वाफ असतं, त्रास नाही. सेल बंद झाला, थंड झाला, वाफेचं पाणी झालं की पडदाच विरघळायला लागतो, कारण हे मीठ पाण्यात विरघळणारं. चालू असताना उलटी तऱ्हा: थोडी वाफ दिली नाही तर ते स्वतःतलंच पाणी सोडून बिघडतं.

तेव्हा माझं मत, नोकरी थांबू शकते, हे घे. फक्त एक प्रकरण गरम-थंड, ओलं-कोरडं अशा फेऱ्यांना दे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर तोच नमुना पुन्हा एक्स-रेखाली ठेव. तुमच्या सरांना हे कंटाळवाणं वाटेल. पेपरला तेवढी चमक येणार नाही, हेही खरं.

पेलेटला किती टन दाब देता आणि दाबल्यावर स्फटिकाची चौकट तशीच राहते का, हे मला लिहून कळव. फोनवर सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही.

तुझे,
बाबा