पोर्ट सुदानहून आई-बाबांना

पोर्ट सुदान,
दि. १८ जून २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांनी रोखठोक विचारले आहे की, तू डॉक्टर नाहीस, मग तिथे तुझ्यावाचून काय अडले आहे? खरे सांगायचे तर माझ्यावाचून काहीच अडलेले नाही. रुग्णालये अडतात ती डिझेल, औषधे आणि पगार यांवाचून, आणि त्यांपैकी औषधांशी माझा फार्मासिस्ट म्हणून संबंध येतो. मे महिन्यात इथल्या विमानतळावर आणि इंधनाच्या टाक्यांवर ड्रोनहल्ले झाले, तेव्हापासून तुमच्या डोळ्याला डोळा नाही हे मी जाणते. ‘ऑपरेशन कावेरी’ने २०२३ मध्ये हजारो भारतीयांना याच बंदरातून जेद्दामार्गे घरी आणले असताना आपली मुलगी उलट दिशेने का गेली, हे लोकांना सांगताना तुमची काय अवस्था होत असेल याचीही मला कल्पना आहे. म्हणून काम नेमके काय आहे, ते सविस्तर लिहिते.

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानचे लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, त्या वेळी मोठी रुग्णालये आणि औषधांचे मध्यवर्ती भांडार खार्तुममध्येच एकवटलेले होते. त्यामुळे राजधानीत लढाई सुरू होताच, जिथे एकही गोळी सुटली नव्हती अशा दूरच्या दवाखान्यांची कपाटेही रिकामी होऊ लागली. आता माल समुद्रमार्गे इथे उतरतो आणि ट्रकने अटबारा शहरावरून सुमारे ८०० किलोमीटरवरच्या, खार्तुमला लागूनच असलेल्या ओमदुरमानकडे जातो. परवाने, नाके आणि डिझेल या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळून आल्या, तर तो दिवस आम्ही शुभ मानतो.

आई, लसींचा डबा खांद्याला अडकवून तू उपकेंद्रातून वाड्या-वस्त्यांवर जायचीस आणि बर्फाच्या पिशव्या वितळायच्या आत परतायची घाई करायचीस, तेच काम इथे पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ट्रकभर खोक्यांसाठी करावे लागते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. ते तापले तरी दिसायला जसेच्या तसे राहते, आणि खरी भीती हीच आहे, कारण नर्स विश्वासाने इंजेक्शन देते आणि रक्त मात्र थांबत नाही. म्हणून प्रत्येक खोक्यासोबत तापमान नोंदवणारे यंत्र जाते आणि आकडे वाईट आले तर खोके बाजूला काढावे लागते. टंचाईत हा निर्णय कोणालाच आवडत नाही, आणि त्याबद्दल मी बोलणीही खाल्ली आहेत.

मेच्या मध्यावर ओमदुरमानच्या वीजकेंद्रांवर ड्रोनहल्ले झाले, पाण्याचे पंप बंद पडले, लोकांनी मिळेल ते पाणी प्यायले आणि कॉलरा भडकला. पन्नास किलो वजनाच्या अत्यवस्थ रुग्णाला पहिल्या तीन तासांतच पाच लिटर रिंगर लॅक्टेट (शिरेतून देण्याचे सलाईन) लागते. असे शंभर रुग्ण म्हणजे अर्धा टन माल झाला, आणि तो ट्रकमध्ये चढवायचा तर दुसरे काहीतरी उतरवावे लागते. म्हणून आम्ही ओआरएसची पाकिटे आणि क्लोरीन आधी पाठवण्याचा आग्रह धरतो. रुग्ण वेळेत आला तर बहुतेकदा सलाईनची गरजच पडत नाही. पाण्याचे आणि विजेचे काम करणारे लोक वैद्यकीय मदतीच्या हिशेबात धरले जात नाहीत, हे मला आता चुकीचेच नव्हे तर घातक वाटते.

रुग्णालयांच्या रक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१६ मध्ये २२८६ क्रमांकाचा ठराव संमत केला आहे. तरीही यंदाच्या जानेवारीत दारफुर प्रांतातल्या, वेढ्यात अडकलेल्या अल-फाशेर शहरामधील सौदी रुग्णालयावर हल्ला होऊन सुमारे ७० माणसे मेली. ओमदुरमानचे अल-नाओ रुग्णालय वारंवार तोफगोळे पडूनही चालू राहिले, ते ठरावामुळे नव्हे, तर महिनोन् महिने पगार न मिळताही कामावर येणारे डॉक्टर, नर्स आणि गल्लीतली स्वयंसेवक मुले यांच्यामुळे. त्यांच्या धैर्याचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, परंतु त्यांना दरमहा मानधन द्या म्हटले की निधी देणाऱ्यांना ते नियमात बसवणे जड जाते. आमच्या गोदामाचा प्रमुख पुण्यात बी. फार्म. झालेला आहे. (मला पाहिले की तो ‘काय म्हणता?’ असे खास पेठेतल्या ठसक्यात विचारतो.) त्याचे खार्तुममधले घर लुटले गेले, तरीही मालाची नोंदवही त्याने एक दिवस अपुरी ठेवलेली नाही. मी उद्या परतले तर माझ्या जागी दुसरे कोणी येईल. त्याच्या जागी येणारे मला कोणी दिसत नाही.

बाबा, तुमच्या मित्रमंडळींनी औषधे गोळा करायला घेतली आहेत, ती कृपा करून इकडे पाठवू नका. सुट्या पट्ट्या, निरनिराळ्या कंपन्या आणि जवळ आलेली मुदत यांमुळे असा माल निवडण्यातच आमची माणसे गुंततात, आणि तो बंदरातून सोडवून घेण्याचा व्याप वेगळाच. जमलेल्यांपैकी न उघडलेली, मुदत शिल्लक असलेली औषधे आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या फार्मासिस्टना दाखवा आणि त्यांनी हवी म्हटली तरच द्या. माझा करार डिसेंबरअखेर संपतो; तो वाढवण्यापूर्वी मी घरी येऊन तुमच्याशी बोलेन.

आपली,
मनीषा