देवाला पिणारे राजा-राणी

माइन्त्स, जर्मनी

तीर्थरूप आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मातीच्या तुकड्यांचे फोटो पाहत मी दिवसभर नेमके काय करतो, असे आपण फोनवर विचारलेत. तेव्हा धड सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हित्ती राजांची राजधानी हत्तुशा अंकाराच्या पूर्वेस होती. १९०६ साली सुरू झालेल्या उत्खननात तेथे मातीच्या लिखित पाट्यांचे सुमारे ३०,००० तुकडे निघाले आणि त्यांतील फार मोठा भाग राजाने करावयाच्या उत्सवांचा आहे. वसंतातला अन्तह्शुम नावाचा उत्सव ३८ दिवस चाले. कोणत्या दिवशी राजाची स्वारी कोठे जाई, याची यादी हाती आहे. परंतु त्या त्या दिवसाचा सविस्तर विधी ज्या पाट्यांवर होता त्यांचा चुरा झालेला आहे.

घोळ असा की हे सारे तुकडे तीच ती ठरीव वाक्ये बोलतात. ‘राजा आणि राणी बसून वादळदेवाला पितात, मोठे तंतुवाद्य वाजते, गातात, पेयवाहक बाहेरून एक आंबट जाड भाकर आणून राजाला देतो, राजा ती मोडतो.’ मग पुढचा देव, आणि पुन्हा हेच. त्यामुळे तुटलेली ओळ झोपेतही भरता येते, पण बदलणारे देवाचे नाव नेमके फुटीत गेलेले असले, तर तुकडा कोणत्या उत्सवाचा ते कळत नाही. ‘देवाला पितात’ हे मी चुकून लिहिलेले नाही. मुळात देव द्वितीयेत आहे. ‘देवाच्या नावे’ असा अर्थ घ्यावा की नाही यावर वाद आहे, आणि माझ्या मते सोयीसाठी तो अर्थ भाषांतरात घुसडू नये.

मागच्या महिन्यात दोन तुकड्यांच्या कडा मला जुळल्यासारख्या वाटल्या. एका चिन्हाचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. मी हरखून गेलो. पण हित्ती पाटी खालून वर उलटतात, आणि पुढचे रकाने डावीकडून उजवीकडे, तर मागचे उजवीकडून डावीकडे जातात. म्हणजे दुसऱ्या रकान्याच्या पाठीशी तिसरा येतो. मागची बाजू लावून पाहिली, तर परिच्छेदाखालची आडवी रेघ अर्धे बोट सरकलेली. पुढचा मजकूर जुळला होता तो केवळ ठरीव वाक्यामुळे. तीन दिवसांचे काम पुसून टाकले.

हित्ती लोकांनी इतके काटेकोर लिहून ठेवण्याचे कारण, उत्सव चुकला तर देव कोपेल हे भय असावे. वडिलांकडून राहून गेलेला हेपात देवीचा उत्सव करण्यासाठी दुसरा मुर्शिली राजा कारकिर्दीच्या नवव्या वर्षी कुम्मान्नी या नगरास गेला, असे त्याच्याच बखरीत आहे. काका नेहमी विचारतात ते मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे देव मितान्नी या शेजारच्या राज्याबरोबरच्या तहाच्या पाटीवर आहेत. माझ्या तुकड्यांत ते नाहीत, एवढे त्यांना सांगावे.

एक विनंती. पणजोबांच्या धर्मविधींच्या प्रयोगाच्या पोथीत काही ठिकाणी पूर्ण कृत्य लिहिले आहे आणि काही ठिकाणी नुसते ‘पूर्ववत्’. हित्ती लेखकही मध्येच ‘त्याचप्रमाणे’ लिहून पुढे जातात. पणजोबांनी कोठे हात आखडला आणि कोठे नाही, हे मला पाहायचे आहे. त्या पानांचे फोटो ताईकडून काढवून पाठवावेत. पाने सुटी झाली असल्यास मागची बाजूही घ्यावी.

आपला नातू